पानाचे वर्णन आणि यंत्रातला दुभाष्या

मराठीत ‘मुद्रक’ म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर ज्याचे नाव छापणे सक्तीचे केले, तो हा मुद्रक. त्याच्या छापखान्यात खिळ्यांच्या केसेसपुढे उभा असलेला जुळारी लेखकाचे हस्तलिखित वाचत असे आणि त्याचा अर्थ लावत असे. समासात ‘येथे मोठा टाइप’ एवढेच लिहिलेले असले, तरी किती मोठा, त्याच्या वर-खाली किती जागा सोडावयाची, ओळ कोठे तोडावयाची, हे त्याला सांगावे लागत नसे. हस्तलिखित आणि छापील पान यांच्या मध्ये एक जाणकार बसलेला होता. गेल्या चार दशकांत हा जाणकार छापखान्यातून उठला आणि यंत्राच्या पेटीत जाऊन बसला. तेथे तो काय करतो, त्याला ते कोणी शिकवले आणि आपल्या लिपीच्या वाट्याला त्यातून काय आले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कपाटांतच आहे. एखादे जुने पुस्तक उघडून पानाच्या पाठीवरून बोट फिरवावे. खिळ्यांचा दाब बोटाला जाणवतो. ढोबळमानाने १९९० नंतरच्या पुस्तकांत पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत लागते. ही पुस्तके शिशातून आलेली नाहीत, पानाच्या वर्णनातून आलेली आहेत.

प्रश्न मुळात ठिपक्यांचा होता. झेरॉक्स कंपनीतील (आपल्याकडे जिचे नाव छायाप्रतीलाच पडले) गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याने १९७१ मध्ये पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लेझरच्या किरणाने छायाप्रतीच्या यंत्रावर थेट अक्षरे उमटवून दाखविली. किरण फिरत्या ढोलावर रेषेमागून रेष ओढतो. जेथे शाई हवी तेथे ठिपका, जेथे नको तेथे कोरे. याच कुळातील झेरॉक्स ९७०० हे यंत्र १९७७ मध्ये बाजारात आले. ते दर इंचाला ३०० ठिपके या घनतेने एका सेकंदाला दोन पाने छापत असे.

आता थोडा हिशेब करावा. ए-फोर आकाराच्या कागदावर या घनतेने आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ ठिपके बसतात, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. यंत्राला कळते ते इतकेच की यांतील कोणते काळे आणि कोणते पांढरे. ही यादी नुसती साठवावयाची म्हटली तरी दहा लाखांहून अधिक बाइट लागतात. त्या काळच्या संगणकांच्या स्मृतीत एवढी जागा क्वचितच असे. शिवाय लेझर प्रिंटरला थांबता येत नाही. सुया आपटून छापणारे जुने यंत्र अर्ध्या ओळीवर वाट पाहू शके. येथे ढोल एकदा फिरू लागला की पान पुरे होईपर्यंत ठिपके पुरवावेच लागतात. मग ८७ लाख ठिपके पाठविण्याऐवजी पानाचे वर्णन पाठवावे आणि ठिपके प्रिंटरनेच काढावेत, ही कल्पना पुढे आली. वर्णन कोणत्या भाषेत करावयाचे, हा मात्र वादाचा मुद्दा होता.

एक वाट साध्या आज्ञांची होती. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीची ‘पी.सी.एल.’ ही भाषा तिच्यापैकी. मजकूर चालू असताना मध्येच एक विशिष्ट चिन्ह येई. त्याचा अर्थ ‘पुढचे अक्षर छापावयाचे नाही, ती आज्ञा आहे’ असा. ठळक करा, ओळ बदला, नवे पान घ्या, अशा या आज्ञा. १९८४ च्या मे महिन्यात ३,४९५ डॉलर किमतीला आलेला लेझरजेट हा प्रिंटर ही भाषा समजे. त्याच्याजवळ स्मृती अवघी १२८ किलोबाइट. अख्खे पान चित्राने भरण्याइतकी ती नव्हतीच. पत्रे, बिले, तक्ते यांना ती पुरे होई, आणि कचेऱ्यांत हेच काम अधिक असते. ही भाषा टिकली, वाढली आणि १९९० मध्ये तिच्या पाचव्या आवृत्तीत हव्या त्या आकाराची अक्षरेही आली. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पुस्तकाच्या पानाचा इतिहास दुसऱ्या वाटेने गेला.

त्या वाटेचा आरंभ न्यूयॉर्कच्या बंदरातून झाला, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. जहाजांच्या चालकांना प्रशिक्षण देण्यासाठी त्या बंदराचे हुबेहूब चित्र पडद्यावर उभे करण्याचे काम इव्हान्स अँड सदरलँड या कंपनीकडे होते. पूल, इमारती, बोया या साऱ्यांची नोंद ठेवणारी आणि तीवरून चित्र काढणारी एक लवचीक भाषा हवी होती. १९७६ च्या सुमारास जॉन गॅफ्नी आणि जॉन वॉर्नॉक यांनी तेथे तिची मांडणी केली. वॉर्नॉक १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात आले. तेथे मार्टिन न्यूएल यांच्याबरोबर त्यांनी त्याच कल्पनांवर ‘जॅम’ ही भाषा लिहिली. जॉन आणि मार्टिन या नावांवरून तिचे नाव पडले. तिच्यातून आणि केंद्रातील इतरांच्या कामातून ‘इंटरप्रेस’ ही पानाचे वर्णन करणारी भाषा तयार झाली.

वॉर्नॉक यांना नोकरीवर घेणारे चार्ल्स गेश्की यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही छपाईचे ब्लॉक तयार करणारे कारागीर होते. ठिपक्यांतून छायाचित्र कसे उभे राहते, हे भिंगातून पाहणाऱ्यांच्या घरात वाढलेला हा गणिती. झेरॉक्सने इंटरप्रेस मान्य केली, परंतु ती आपल्याच घरात ठेवण्याचा कल धरला. वर्णनाची भाषा एकाच कंपनीला कळणार असेल तर तिचा उपयोग काय, असा प्रश्न या दोघांना पडला असावा. डिसेंबर १९८२ मध्ये त्यांनी बाहेर पडून स्वतःची कंपनी काढली आणि वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचे ‘अडोबी’ हे नाव तिला दिले. डग ब्रॉट्झ, बिल पॅक्स्टन, एड टॅफ्ट हे सहकारी त्यांना मिळाले आणि भाषा नव्याने लिहिली गेली. ती पोस्टस्क्रिप्ट.

या मंडळींचा व्यवहार चतुर होता आणि उदारही. भाषेचे व्याकरण त्यांनी १९८५ मध्ये पुस्तकरूपाने छापून सर्वांना खुले केले; लाल मुखपृष्ठावरून ते ‘लाल पुस्तक’ म्हणूनच ओळखले जाते. ती समजणारा दुभाष्या, म्हणजे प्रिंटरमध्ये बसविण्याची आज्ञावली, मात्र त्यांनी परवान्याने विकली. पहिले मोठे गिऱ्हाईक ॲपल कंपनी. तिने अडोबीचा सुमारे एक-पंचमांश हिस्साही घेतला. जानेवारी १९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर जाहीर झाला. किंमत ६,९९५ डॉलर. ज्या मॅकिंटॉशला तो जोडावयाचा त्याहून कितीतरी महाग. गंमत अशी की आतला छपाईचा सांगाडा कॅनन कंपनीचा, लेझरजेटमध्ये होता तोच. फरक सारा डोक्यात होता. लेझररायटरमधील संगणक मॅकिंटॉशहून वेगवान होता आणि त्याची दीड मेगाबाइट स्मृती मॅकिंटॉशच्या तिपटीची. वर केलेला हिशेब आठवला म्हणजे कारण समजते: त्यातील दोन-तृतीयांश जागा केवळ एका पानाचे ठिपके मांडण्यातच जात असे. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑल्डस कंपनीचा पेजमेकर हा कार्यक्रम आला आणि पुढे आपल्या गल्लोगल्ली पाट्या लागल्या त्या डी.टी.पी.चा जन्म झाला.

हा दुभाष्या वाचतो कसा? पोस्टस्क्रिप्ट फाइल म्हणजे चित्र नव्हे, तो एक कार्यक्रम असतो. प्रिंटर ती फाइल पहिल्या शब्दापासून वाचू लागतो आणि वाचता वाचता अमलात आणतो. संख्या भेटली की ती तो ताटांच्या चवडीसारखी एकावर एक रचून ठेवतो. क्रियापद भेटले की ते चवडीच्या वरून हवी तेवढी ताटे उचलते. ‘७२, ७२०, मूव्हटू’ असे लिहिले असेल तर दोन संख्या चवडीवर जातात आणि ‘मूव्हटू’ त्या उचलून लेखणी डाव्या कडेपासून ७२ आणि तळापासून ७२० अंतरावर नेते. इंग्रजी वळणाने विचार करणाऱ्यांना ही उलटी रचना अवघड जाते, कारण त्यांच्या वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. मराठी माणसाला तिचे नवल वाटू नये. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य याच क्रमाचे आहे. आधी जिन्नस, शेवटी क्रिया.

अंतराचे माप पॉइंट, इंचाचा ७२ वा भाग. जुन्या इंग्रजी-अमेरिकी छापखान्यातील पॉइंट किंचित लहान होता, इंचाला ७२.२७, संगणकवाल्यांनी तो सोयीसाठी गोल केला. पानाचा उगमबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात, भूमितीच्या वहीत असतो तसा. या मापात कोठेही ठिपक्याचा उल्लेख नाही, आणि सारी किमया तेथेच आहे. दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या प्रिंटरमधला दुभाष्या एका पॉइंटाचे सुमारे ४ ठिपके करतो. २,५४० ठिपके देणाऱ्या लायनोट्रॉनिक यंत्रातला दुभाष्या त्याच पॉइंटाचे ३५ करतो. फाइल तीच. मसुदा टेबलावर काढून पाहावा आणि तीच फाइल ब्रोमाइडसाठी दुसरीकडे पाठवावी, हे त्यामुळे शक्य झाले. मुद्रिते तपासणाऱ्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको. खिळ्यांच्या काळात एका फर्म्यात दुरुस्त केलेले पान पुन्हा बांधताना एखादी मात्रा निसटे. येथे मसुद्यात दिसले तेच ब्रोमाइडवर येणार होते.

अक्षरेही अशीच वर्णनाने येतात. प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा सरळ आणि वक्र तुकड्यांनी सांगितलेली असते. हे वक्र ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते पिएर बेझिए फ्रान्सच्या रेनो कंपनीत मोटारींच्या सांगाड्यांचे आकार काढीत असत. दुभाष्या ती बाह्यरेषा हव्या त्या आकाराला ताणतो, वक्रांचे बारीक सरळ तुकडे करतो, आतील जागा ठिपक्यांनी भरतो आणि एकदा काढलेला ‘क’ त्याच आकारात पुन्हा लागणार म्हणून जपून ठेवतो. शेवटी ‘शोपेज’ ही आज्ञा आली की पान कागदावर उतरते. तोवर कागद हललेलाही नसतो. वाटेत एखादी आज्ञा समजली नाही तर सबंध काम टाकून देण्याची या दुभाष्याची रीत होती; डी.टी.पी. केंद्रातील चालकांची एक पिढी ‘ऑफेन्डिंग कमांड’ या दोन शब्दांना घाबरून वाढली.

या भरण्यात एक बारीक अडचण होती आणि अडोबीचे खरे गुपित तीत होते. समजा, दहा पॉइंटाच्या अक्षराचा काना साडेतीन ठिपके रुंद येतो. अर्धा ठिपका छापता येत नाही. म्हणून एका अक्षरात काना तीन ठिपक्यांचा होतो, दुसऱ्यात चारांचा, आणि ओळ डागाळल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणून फाँटमध्येच सूचना घालून ठेवलेल्या असत, की हे सारे उभे दंड एकाच जाडीचे ठेवावेत. ही युक्ती परिपक्व करण्याचे श्रेय बिल पॅक्स्टन यांचे. अडोबीने ती सांकेतिक करून लपविली. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९८९ मध्ये एकत्र येऊन ट्रूटाइप ही प्रतिस्पर्धी पद्धत जाहीर केली, तेव्हा अडोबीला आपले गुपित १९९० मध्ये खुले करावे लागले. बड्यांच्या या भांडणाचा लाभ आपल्यासारख्या लिपींना झाला. फाँट कसा लिहावा हे सर्वांना कळल्यावर पुण्या-मुंबईत देवनागरी फाँट होऊ लागले.

आता आपल्या लिपीकडे वळावे. लोकमान्य टिळकांसारखा पुरुष खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटाटोपात पडला होता, यावरून देवनागरीच्या जुळणीचा भार ध्यानात येतो. जोडाक्षरे, मात्रा, रफार धरून खिळे शेकड्यांनी लागत. नव्या फाँटमध्ये घरे होती २५६, आणि त्यांतील काही नियंत्रणासाठी राखीव. म्हणून फाँटकारांनी अक्षरे फोडली. अर्धा ‘ग’ एका घरात, काना दुसऱ्यात. दोन्ही लागोपाठ छापले की पूर्ण ‘ग’. मात्रांना रुंदी शून्य दिली, म्हणजे त्या मागच्या अक्षरावर जाऊन बसत. शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या कडेबाहेर किंचित वाढविली, नाहीतर पूर्णांकाच्या हिशेबात दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट राहून शब्द तुटल्यासारखा दिसे. ही कारागिरी जुन्या पंचकाट्यांच्या तोडीची होती, असे माझे मत आहे.

प्रिंटरला यातले काही ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने देवनागरी नव्हतीच; होती ती इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसविलेली काही चित्रे. फाँट प्रिंटरमध्ये न पाठविता फाइल छापावयास दिली, तर तो आपल्या पोतडीतला कुरियर हा टंकलेखनाचा फाँट काढी, आणि सबंध पानभर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची रास उतरे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना आणखी एक जाच होता. हिंदी प्रदेशातील छापखान्यांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ नसत, आणि ‘ऱ्य’ तर नसेच. मग ‘आचाऱ्यांना’ या शब्दाच्या जागी ‘आचार्यांना’ छापले जाई आणि लग्नाच्या जेवणाचे पैसे स्वयंपाक्याऐवजी गुरुजींच्या नावे पडत. यंत्राने हा भेद कधीच सोडविला नाही. कोणा फाँटकाराने २५६ पैकी एक घर त्या तिरक्या ‘र’साठी राखले, तेव्हा तो सुटला.

मात्र घरांची वाटणी प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने केली. पुण्यातील सी-डॅक या संस्थेचे काम आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेली ‘इस्की’ ही संकेतपद्धती उपलब्ध असताना फाँटची घरे तरीही वेगवेगळीच राहिली. एका फाँटमधला ‘म’ दुसऱ्यात ‘थ’ होई. आणि बहुतेक फाँटमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने नव्हे, दिसण्याच्या क्रमाने साठविला जाई: ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. छापताना हे उत्तमच चाले, कारण दुभाष्या डावीकडून उजवीकडे चित्रे ठेवत जाई. मजकूर म्हणून मात्र त्या फाइलीला अर्थ उरत नसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली आणि तीत देवनागरी होती. पण मराठी प्रकाशनव्यवहारात ती रुजावयास दोन दशके लागली. तिच्यात वेलांटी ‘क’च्या नंतर साठवितात आणि पानावर ती आधी नेण्याचे काम संगणक फाँटमधील नियम पाहून करतो. रा. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फाँट केला, तो या नव्या पद्धतीचा. प्रिंटर आजही पूर्वीइतकाच निरक्षर आहे. त्याच्याकडे येतात ते आकारांचे क्रमांक.

पोस्टस्क्रिप्टचा मोठा गुण हाच पुढे तिचा दोष ठरला. ती पूर्ण कार्यक्रमभाषा असल्याने तिच्यात फेरे घालता येतात. फाइल चालवून पाहिल्याशिवाय तिच्यातून किती पाने निघतील, किंवा ती कधी थांबेल की नाही, हे सांगता येत नाही. दोनशेवे पान पाहावयाचे तर आधीची पाने वाचावी लागू शकतात. वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये एका टिपणात यावर तोड सुचविली आणि १९९३ मध्ये पी.डी.एफ. आली. चित्र काढण्याच्या आज्ञा जवळपास त्याच, फेरे आणि अटी मात्र काढून टाकलेल्या. प्रत्येक पान स्वतंत्र, फाँट फाइलीतच सामावलेला. २००५ मध्ये दीर्घकालीन जतनासाठी तिचे वेगळे मानक ठरले आणि २००८ मध्ये मूळ भाषा आंतरराष्ट्रीय मानक झाली. आज अनेक प्रिंटर पी.डी.एफ. थेट वाचतात, आणि पुष्कळ स्वस्त प्रिंटर काहीच वाचत नाहीत. ठिपके संगणकच काढतो, कारण ८७ लाख ठिपके आता कोणाला जड नाहीत.

ग्रंथालयांच्या दृष्टीने यातला कळीचा भाग पुढेच आहे. पी.डी.एफ.मध्ये आकारांच्या क्रमांकांबरोबर ‘हा आकार म्हणजे युनिकोडमधील अमुक अक्षर’ अशी एक तालिका ठेवण्याची सोय आहे. ती नीट भरलेली असेल तर पानातला शब्द शोधता येतो. १९९० नंतरच्या मराठी पुस्तकांच्या ज्या फाइली जुन्या फाँटमध्ये आहेत, त्यांत ती बहुधा नसते किंवा असून चुकीची असते. डोळ्यांना पान निर्दोष दिसते, कागदावर निर्दोष उतरते, आणि ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द शोधला तर संगणक ‘नाही’ म्हणतो. १८९० चे पुस्तक आपण वाचू शकतो, १९९५ च्या पुस्तकाची मूळ फाइल मात्र कोणता फाँट वापरला होता हे ठाऊक नसेल तर उलगडत नाही. फाँटचे नाव माहीत असेल तर घरांची तालिका लावून आणि वेलांट्या जागेवर नेऊन रूपांतर करता येते. असे कार्यक्रम आहेत. नाव हरवले असेल तर छापलेले पान छायाचित्रित करून त्यावरून यंत्राकडून अक्षरे ओळखवून घ्यावी लागतात. पुस्तकाच्या अक्षरजुळणीची नोंद आपण तालिकेत सहसा करीत नाही. १९९० ते २०१० या काळातील पुस्तकांपुरती तरी ती केली तर अशा रूपांतराला आधार मिळेल.

गॅरी स्टार्कवेदर २०१९ मध्ये, गेश्की २०२१ मध्ये आणि वॉर्नॉक २०२३ मध्ये निवर्तले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील संगणक-इतिहास संग्रहालयाने पोस्टस्क्रिप्टच्या दुभाष्याची १९८४ सालची मूळ आज्ञावली, अडोबीच्या संमतीने, अभ्यासकांसाठी खुली केली. पॅक्स्टन यांच्या त्या गुपिताचे आरंभीचे रूप तीत वाचावयास मिळते. त्यानंतर महिन्याभरातच, जानेवारी २०२३ पासून, अडोबीने आपल्या कार्यक्रमांत त्या जुन्या पद्धतीचे फाँट वापरण्याची सोय बंद केली. पी.डी.एफ.मध्ये आधीच सामावलेले असे फाँट छापले जातात. त्यांच्यात नवा शब्द मात्र जुळविता येत नाही.